नेपाळी हस्तकला घेताना आधी वेळ विचारा, लेबल मग बघा

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. नेदरलँड्समधल्या एका मराठी मंडळाला दिवाळीच्या कार्यक्रमात 120 कुटुंबांना भेट द्यायची आहे. यंदा चॉकलेटचे डबे नकोत, नेपाळमधल्या बायकांनी हातानं केलेल्या वस्तू देऊ, असं कार्यकारिणीत ठरत आलंय. घरटी आठ युरोपर्यंत खर्चाची तयारी आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना तीन गोष्टी कळून हव्यात. वस्तूवर 'फेअर ट्रेड' लिहिलेलं असलं की झालं का? दिलेल्या पैशांतलं करणारीच्या हातात किती पडतं? आणि मंडळातलेच दोघंतिघं म्हणतात की मदतच करायची तर आपली माणसं सोडून नेपाळला कशाला, त्यांना काय सांगायचं?

ताई, मी बावीस वर्षं हस्तकलेच्या वस्तूंची खरेदी आणि तपासणी करते. घर पुण्यात आहे, पण वर्षातले दोन-तीन महिने काठमांडू खोऱ्यात जातात. त्यामुळे उत्तर लांबेल.

विक्रेत्याला पहिला प्रश्न लेबलाचा विचारू नका. 'ही एक वस्तू करायला एका बाईला किती वेळ लागतो?' एवढंच विचारा. ज्याचा कारागिरांशी रोजचा संबंध आहे तो लगेच सांगतो, आणि बहुतेक वेळा जरा जास्तच सांगतो: लोकर पिंजायला इतका, फेल्ट करायला, म्हणजे साबणाच्या गरम पाण्यात चोळून ती घट्ट करायला, इतका, वाळायला दोन दिवस, पण पाऊस असेल तर पाच. ज्याचा संबंध नाही तो हिमालयाची परंपरा, महिलांचं सक्षमीकरण वगैरे सांगायला लागतो. इतक्या वर्षांत या प्रश्नानं मला क्वचितच दगा दिलाय.

वेळ कळला की पुढचा हिशेब घरी बसून करता येतो. नेपाळ सरकारनं जुलै 2025 पासून किमान वेतन महिना 19,550 नेपाळी रुपये केलं. रोजंदारीवर असेल तर दिवसाला 754. भारतीय रुपयाशी नेपाळी रुपयाचा दर 1.6 ला बांधलेला आहे, म्हणजे आपले साधारण 470 रुपये, तुमचे साडेचार युरोच्या आसपास. तासाला साठ सेंट धरा. ही किमान मजुरी झाली, चांगली नव्हे.

आता तुमच्या आठ युरोंकडे उलट्या बाजूनं बघा. त्यातला 21 टक्के कर काढला की साडेसहा युरो उरतात. दुकानातली किंमत ही माल काठमांडूतून निघतानाच्या किमतीच्या तीन-चार पट होते, असा माझा अनुभव आहे. त्यात लबाडी असतेच असं नाही. विमानभाडं, आयातदाराचं गोदाम, दुकानाचं भाडं, न विकला गेलेला माल, सगळं त्यात बसतं. म्हणजे काठमांडूत फार तर सव्वादोन युरोंची वस्तू. त्यातून लोकर, रंग, चेन, अस्तर, पॅकिंग, संस्थेचा खर्च वजा केला तर मजुरीला फार तर एक युरो उरतो. एक युरो म्हणजे किमान वेतनाच्या दरानं पावणेदोन तासांचं काम.

याचा अर्थ, आठ युरोंत तुम्हाला पावणेदोन तासांच्या आत होणारी वस्तूच प्रामाणिकपणे मिळू शकते. दिवसभर खपून केलेली फेल्टची पर्स कुणी आठ युरोंत देत असेल, तर त्या पर्सवर कुठलंही लेबल असो, वजाबाकी कुणाच्या तरी हातावर झालेली आहे. वस्तू निवडताना हीच फूटपट्टी लावा. छोटी वही चालेल, चहाच्या कपाखालची चकती चालेल, दारावर लावायची लहान माळ चालेल. मोठी पिशवी हवी असेल तर बजेट वाढवा, नाहीतर नाद सोडा.

आता लेबल. गल्लत होते ती इथे. काळ्या चौकोनात निळा-हिरवा आकार असलेलं 'फेअरट्रेड' चिन्ह तुम्ही तिथल्या सुपरमार्केटात कॉफी, केळी, चॉकलेटवर रोज बघत असाल. त्याची पद्धत अशी की एकेका शेतमालासाठी किमान भाव आणि वरची रक्कम ठरवून द्यायची. फेल्टच्या पिशवीला असा जगभर एक भाव कसा ठरवणार? दर पिशवी वेगळी. म्हणून हस्तकलेच्या वस्तूंवर ते चिन्ह सहसा नसतं, आणि नाही म्हणून माल खोटा ठरत नाही. हस्तकलेत बघायचं ते वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनचं सदस्यत्व. 1989 मध्ये वेगळ्या नावानं सुरू झालेली ही संघटना वस्तू तपासत नाही, ती बनवणारी संस्थाच तपासते. तिची दहा तत्त्वं आहेत, आणि तिचं कार्यालय अनेक वर्षं तुमच्याच देशात, कुलेमबोर्ग नावाच्या गावात आहे.

खरं तर हे सगळं तुमच्या दाराशीच घडलं. 1959 मध्ये केर्करादे गावातल्या काही कॅथलिक तरुणांनी गरीब देशांसाठी मदतसंस्था काढली, आणि पुढे तिनं तिथल्या उत्पादकांचा माल आणायला सुरुवात केली. 1969 मध्ये ब्रोइकेलन गावात पहिलं 'वेरेल्डविंकल', म्हणजे जगाचं दुकान, उघडलं. कॉफीवरचं पहिलं माक्स हावेलार लेबल 1988 मध्ये तिथलंच. तुमच्या गावातही असं एखादं दुकान असेल आणि बहुतेक ठिकाणी काउंटरवर निवृत्त झालेल्या आजी स्वयंसेवक म्हणून बसलेल्या असतात. त्यांच्याशी बोला. मागणी एकदम 120 नगांची आहे म्हटलं तर त्या आयातदाराला फोन लावून देतील.

पण सदस्यत्वाची फी आणि तपासणीचा खर्च पेलणारी संस्था बऱ्यापैकी मोठी असते. काठमांडूशेजारच्या पाटणच्या गल्लीत बारा बायका घेऊन काम करणारीकडे असलं प्रमाणपत्र नसतं, म्हणून ती अन्याय करते असं म्हणता येत नाही. उलट प्रमाणपत्र असलेल्या संस्थेतही घरी काम नेणाऱ्या बायकांचा नगावरचा दर बेताचाच निघालेला मी पाहिलाय. लेबल म्हणजे दहावीचा दाखला. असावा, पण त्यावरून मुलगा कळत नाही.

त्या दहा तत्त्वांपैकी एक मात्र मी पाठ करून ठेवलंय, कारण खरी परीक्षा तिथे होते. कारागीर संस्थेनं मागितली तर ऑर्डरच्या किमतीच्या निदान निम्मी रक्कम आगाऊ, बिनव्याजी द्यायची. ऐकायला साधं वाटतं. लोकर रोखीनं येते, रंग रोखीनं येतो, बायकांना आठवड्याला किंवा महिन्याला पैसे लागतात. बाजारातला साधा खरेदीदार माल पोचल्यावर साठ किंवा नव्वद दिवसांनी पैसे देतो. मधल्या चार-पाच महिन्यांचा भार कोण उचलतो? सावकाराकडून उचल घेणारी संस्था, आणि शेवटी मजुरी थकलेली बाई.

2015 साली हे मी अगदी उघडं पाहिलं. 25 एप्रिलला भूकंप झाला, शेड पडल्या, बायका महिनाभर ताडपत्रीखाली झोपत होत्या. जरा सावरतायत तोवर सप्टेंबरात भारत-नेपाळ सीमेवरची वाहतूक अडली आणि चारेक महिने गॅस-डिझेल मिळेना. आता फेल्टचं काम म्हणजे गरम पाणी आणि साबण. लोकर रंगवायला उकळतं पाणी हवं. गॅस नाही म्हणजे काम नाही. कुणी सरपण जमवून भट्ट्या लावल्या, कुणी नुसती वाट बघितली. त्या हिवाळ्यात दोन आयातदारांची पत्रं एकाच टेबलावर वाचल्याचं मला आठवतं. एकानं उशिराबद्दल दंड कापणार म्हणून कळवलं होतं. दुसऱ्यानं उरलेले पन्नास टक्केही आधीच पाठवतो, माल मार्चमध्ये आला तरी चालेल, असं लिहिलं होतं. दोघांच्याही दुकानात 'फेअर' शब्द होता. म्हणून आयातदाराला विचारायचा दुसरा प्रश्न: 'तुम्ही आगाऊ किती देता?'

आता वस्तूंकडे येऊ, कारण नेपाळच्या नावावर काय काय खपतं याची गंमत आहे.

'हिमालयन लोकर' म्हणून जे फेल्ट विकतात त्यातली बहुतेक लोकर न्यूझीलंडहून येते. यात फसवणूक काही नाही. फेल्टला लागणारी मऊ, एकसारखी लोकर तिथे मिळते, आणि कौशल्य नेपाळी हातांचं असतं. पण तिला जो हिमालयन म्हणतो त्याच्या बाकीच्या गोष्टींवरही जरा कमीच विश्वास ठेवावा. फेल्टचे ते रंगीत गोळे असतात ना, ते बायका साबणाच्या गरम पाण्यात तळहातांवर एकेक वळतात. लाडू वळावा तसं. आपल्याला लाडवांची गोडी, त्यांच्या हातांची सालं निघतात. शेड बघायला गेले की मी आधी हातमोजे आहेत का आणि पाण्याचा निचरा होतो का ते बघते.

पश्मिन्याचं तर विचारूच नका. काठमांडूच्या ठमेल भागात ढिगानं मिळणाऱ्या 'पश्मिना' शालींत व्हिस्कोस आणि ॲक्रिलिकच फार, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्याच पंजाबातल्या यंत्रमागावरून गेलेल्या. खऱ्या मालासाठी नेपाळनं 'च्यांग्रा पश्मिना' हे सामूहिक चिन्ह नोंदवलंय. च्यांग्रा म्हणजे डोंगरातली शेळी. आठ युरोंत ती शाल येत नाही, तेव्हा तुमच्यापुरता विषय संपला.

नादवाटी, म्हणजे ते ध्यानाला वापरतात ते काशाचं भांडं, हातानं ठोकून करतात तेव्हा चार-पाच जण एका तापल्या गोळ्याभोवती बसून आळीपाळीनं घण घालतात. आवाज एका लयीत येतो. बाजारात मात्र ओतीव भांडी लेथवर घासून वर हातोडीचे ठसे मारलेलीही असतात. माझ्यासारखीला हातात घेऊन कळतं, फोटोवरून मलाही कळत नाही. ऑनलाइन घेऊ नका.

तुम्हाला मनापासून सुचवायचा आहे तो लोक्ता कागद. लोक्ता हे उंच डोंगरात वाढणारं झुडूप. ते मुळापासून उपटत नाहीत, जमिनीच्या थोडं वर कापतात, आणि चार-पाच वर्षांत ते पुन्हा फुटून कापणीला येतं. कापलेल्या फांद्यांची साल सोलायची, शिजवायची, कुटून लगदा करायचा, पाण्यावर तरंगणाऱ्या चौकटीत तो ओतून सारखा करायचा आणि चौकटीसकट उन्हात उभा करून वाळवायचा. एका चौकटीत एकच कागद. नेपाळात जुन्या पोथ्या आणि सरकारी दस्त यावरच आहेत, कारण याला कीड लवकर लागत नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हा धंदा बसायला आला होता. युनिसेफनं शुभेच्छापत्रांसाठी भक्तपूरला हा कागद घ्यायला सुरुवात केली, त्यानं त्याला पुन्हा उभारी आली. गिऱ्हाईक दरवर्षी परत आलं, एवढंच त्यामागचं गुपित.

या कागदाची छोटी शिवलेली वही तुमच्या पावणेदोन तासांत व्यवस्थित बसते. वजनाला हलकी, फुटत नाही, लहान मुलांच्या तोंडात जात नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिते, कारण मुलांसाठी म्हणून फेल्टची खेळणी घ्यायचा मोह होईल. युरोपात खेळण्यावर सीई चिन्ह लागतं, त्यामागे सुटणारे डोळे आणि उतरणारे रंग यांच्या चाचण्या असतात. ते नसेल तर शोभेची वस्तू म्हणून द्या, खेळणं म्हणून देऊ नका.

लोक्त्यावर जनकपूरच्या बायकांनी काढलेली मैथिली चित्रंही मिळतात. जनकपूर म्हणजे सीतेचं माहेर. मधुबनीच्या भिंतींवर असतात तीच मासे, हत्ती, कमळं, फक्त मधे सीमा. तिथलं महिला विकास केंद्र 1989 च्या सुमारास सुरू झालं. दिवाळीच्या भेटीवर असं एक कार्ड शोभून दिसेल.

कुणाकडून घ्यावं? काठमांडूला बागमतीच्या पलीकडे ललितपूरमधल्या कुपंडोल रस्त्यावर या संस्थांची दुकानं एका ओळीत आहेत. महागुथी आहे. तुलसी मेहर श्रेष्ठ हे साबरमतीला गांधीजींच्या सहवासात राहिलेले गृहस्थ, नेपाळात चरखा त्यांनी नेला, आणि त्यांच्या आश्रमातल्या निराधार बायकांच्या मालाला बाजार मिळावा म्हणून 1984 मध्ये महागुथीचं दुकान निघालं. त्याच वर्षी असोसिएशन फॉर क्राफ्ट प्रोड्युसर्स सुरू झाली, तिच्या दुकानाचं नाव धुकुटी. सना हस्तकला 1989 ची. या तिन्ही ठिकाणी भाव ठरलेला असतो. पशुपतिनाथ-मुक्तिनाथ यात्रेला येणारी आपली मंडळी तिथे शिरतात, दोनदा 'थोडं कमी करा' म्हणतात आणि ठमेलला निघून जातात. मला वाईट वाटतं, पण राग येत नाही, कारण मीही कधीकाळी तेच केलंय.

नोकरीतलं माझं तिसरं वर्ष. पाटणमधल्या एका लहानशा गटाकडून मी फेल्टच्या चपला घेत होते. दर नगामागे 30 नेपाळी रुपयांनी खाली आणला आणि पुण्याला येऊन ऐटीत सांगितलं. पुढच्या वर्षी चपलांचं फेल्ट सैल आलं, तळवे पातळ आले. मी माल नापास केला. गट चालवणाऱ्या दीदीनं वाद घातला नाही. तिनं वही काढून दाखवली: दर उतरल्यावर हात बसलेल्या चार बायका गालिच्यांच्या कारखान्यात गेल्या होत्या, आणि माझ्या ऑर्डरवर शिकाऊ मुली बसवल्या होत्या. नापास मालाचा तोटाही त्यांच्याच वहीत लिहिला होता. त्या वर्षानंतर मी नगाच्या दरावर घासाघीस केलेली नाही. पॅकिंगवर करते, विमानभाड्यावर करते, आयातदाराच्या नफ्यावर तर भांडते.

गालिच्यांचं नाव निघालं म्हणून एवढंच: नेपाळी गालिचा घ्यायची वेळ आली तर मागच्या बाजूला गुडवीवचा क्रमांक असलेला बिल्ला बघा. बालमजुरीविरुद्ध 1994 मध्ये रगमार्क नावानं ही मोहीम सुरू झाली, कैलाश सत्यार्थी तिच्या मुळाशी होते. गालिच्यांपुरतं हे लेबल मी खरोखर मानते.

वस्तूला बांधलेल्या चिठ्ठीवर हसऱ्या बाईचा फोटो आणि 'तुमच्या खरेदीनं हिचं आयुष्य बदललं' असलं काही असेल तर त्याला भुलू नका. तो फोटो कुठे चिकटवलाय हे बहुतेकदा तिला माहीतही नसतं. आणि मधल्या माणसाला सरसकट दलाल म्हणून शिव्या घालायची आपली सवयही जरा आवरायला हवी. डिझाइन करणारा, रंग जुळवणारा, कागदपत्रं करणारा, माल अडकला तर विमानतळावर बसून राहणारा कुणीतरी लागतो. तो किती घेतो आणि उघडपणे सांगतो का, एवढंच बघायचं.

मंडळातल्या त्या दोघातिघांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं गेलं नाही, तेव्हा आपण सगळेच भडकलो होतो. पण त्या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यानंतरच्या सहा वर्षांत भडकलेल्यांपैकी किती जणांनी करणाऱ्याकडून, न घासता, एक जोड घेतला? तेव्हा आपलं की परकं हा वाद मंडळात न घालता यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरं करा. मुंबईची क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स ही संस्था 1984 पासून अंधेरी भागातल्या वस्त्यांमधल्या बायकांबरोबर काम करतेय, तिचा माल युरोपातल्या याच दुकानांत जातो. त्यातल्या कितीतरी जणी मराठी बोलतात. त्यांच्या कापडी पिशव्या तुम्ही तिथेच, युरोत, घेऊ शकाल.

राहता राहिलं व्यवहाराचं. 120 नगांसाठी काठमांडूहून थेट मागवू नका. नेपाळच्या मालाला युरोपात आयात शुल्काची सूट आहे, पण मूळ देशाचा दाखला लागतो, तो कर भरावा लागतोच, आणि कुरिअरचं भाडं वहीच्या किमतीवर जाईल. जहाजानं म्हणाल तर नेपाळला समुद्र नाही, माल आधी ट्रकनं कोलकात्याला येतो. एवढ्या लहान खेपेला ते परवडत नाही. आयातदाराच्या पुढच्या मोठ्या खेपेत तुमचे 120 नग घालायला सांगा, आणि निम्मे पैसे तुम्हीही त्याला आगाऊ द्या, ते पुढे पाठव म्हणून.

वेळेचं गणित इथे उलटं बसतं. आपल्या घटस्थापनेला त्यांचं दशैं, म्हणजे दसरा, सुरू होतं आणि मागोमाग तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, येतो. बायका गावी जातात, शेड बंद. त्याआधीचे जून ते ऑगस्ट पावसाचे, तेव्हा कागद वाळत नाही. म्हणजे दिवाळीला द्यायची वही मे अखेरपर्यंत वाळून तयार हवी आणि ऑर्डर मार्चमध्ये गेलेली बरी. सप्टेंबरात घाई केलीत तर कुणीतरी दशैंला घरी जाणार नाही.

माल आला की रंगात फरक दिसेल. एका लाल वहीपेक्षा दुसरी थोडी विटकरी असेल, कागदात सालीचा धागा दिसेल. 120 जणांपैकी कुणीतरी 'माझी बदलून द्या' म्हणेलच. चार वह्या जास्त मागवा.